बांधावरची यादी

बत्तीस सालच्या वैशाखात चांगदेव मास्तर चौलहून सात कोस तंगडतोड करत आले, आणि आवडाबाई पाटलिणीने त्यांच्यापुढे नेमके नको ते गाठोडे आणून ठेवले.

"घ्या. उंदराला बी हात लावू दिला न्हाय," म्हातारी म्हणाली. "सुभेदाराची पत्रं हायेत, जीवापाड जपा म्हनाला व्हतात ना?"

जपली होती खरी, तीही स्वतःच्या लग्नाच्या लुगड्यात बांधून. मास्तरांनी कपाळाला हात लावला. त्या पत्रांच्या नकला करून त्यांनी कधीच छापल्या होत्या. त्या पत्रांना आता कुत्रेही विचारत नव्हते.

"ही नव्हेत हो. दुसरं गाठोडं! खाडीला बांध घातला, तेव्हा कामावर होते त्या माणसांच्या याद्या."

बांध सुभेदाराने नव्हे, गावाने घातला, असे मास्तरांनी लिहिले होते. पुण्याच्या विद्वानांनी एका कार्डावर त्यांची वासलात लावली: अस्सल कागद असेल तर दाखवा, नाहीतर गप्प बसा. आणि अस्सल कागद मास्तरांनी गेल्या वर्षी याच ओटीवर बसून, दोन पाने चाळून बाजूला सारले होते.

"त्या व्हय?" आवडाबाई आत गेली आणि एक टोपली घेऊन आली. "चार दिस भिजवल्या, मेथी घालून वाटल्या, न् टोपल्या लिंपल्या. मेथी असली म्हंजे कीड लागत न्हाय."

मास्तरांचा संताप संताप झाला. "अहो, एका शब्दानं विचारायचं तरी!"

"इचारलं व्हतं की. तुमीच म्हनालात, गडीमानसांची नावं हायेत, कामाची न्हाईत."

आपलेच दात, आपलेच ओठ. मास्तरांनी टोपली हिसकावली आणि उजेडात धरली. सगळा लगदा. फक्त काठाजवळ बोटभर तुकडा वाटायचा राहिला होता. त्यावर मोडीतले एक नाव शाबूत होते. मास्तरांनी ते तीनतीनदा वाचले.

"आवडाबाई, भागोजी कोण?"

पाहुण्याला द्यायला म्हातारीने सुपात तांदूळ घेतले होते. तिचा हात तसाच राहिला.

"माज्या सासऱ्याचा आजा," ती म्हणाली. "त्याला कोन वळखतंय आता? तुमाला कुनी सांगितलं वो त्याचं नाव?"