आ करा, आजी

बाकावर बसल्यापासून बजाबाईनं तोंडावरचा पदर खाली येऊ दिला नव्हता.

हे नवलच होतं. सोलापूरच्या या दवाखान्यात, संशोधन विभागाच्या या लांबट व्हरांड्यात तिनं पाच वर्षांत कधी तोंड झाकलं नव्हतं. झाकायची ती गावात. डावीकडचा जबडा अर्धा काढलेला, गाल आत गेलेला. गावातली माणसं वाईट नव्हती, पण बोलताना तिच्या कपाळाकडे बघून बोलायची. पुण्यातला नातू तर फोनवर आजी दिसली की फोन बापाच्या हातात कोंबून पळायचा. लेकरूच ते, त्याला काय बोल लावायचा!

इथं तसं नव्हतं. व्हरांडा एक आणि संशोधनं दोन. उजव्या दारात लहान मुलांची वाढ बघायचे; वजन, उंची, दंडाला पट्टी. डाव्या दारात तोंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेल्या माणसांचं पुढं काय होतं ते बघायचे; कोण तगतं, कुणाचा आजार उलटतो. बाक मात्र दोघांत मिळून एकच. त्यामुळे दर सहा महिन्यांनी बजाबाई आली की तिच्या मांडीवर कुणाचं ना कुणाचं पोर असायचंच. पोरं तिच्या गालाच्या खळग्यात बोट घालून बघायची आणि ती खुशाल बघू द्यायची.

आजही शेजारी बसलेल्या आयेशानं पिशवीतून फाइल काढायची म्हणून आपलं पोर तिच्या मांडीवर दिलं. पोरानं बसल्या बसल्या पदर ओढला. बजाबाईनं तो मुठीत घट्ट धरला.

“छोड रे, दादी को सताव नक्को,” आयेशा पोराला म्हणाली. मग बजाबाईकडे वळली. “बरं वाटंना का आजी? बोलंनात तुमी काहीच.”

बजाबाईनं नुसती मान हलवली आणि पोराच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

गेल्या आठवड्यात डॉक्टर अंकिताचा फोन आला होता. “आजी, मंगळवारी या. पाच वर्षं पूर्ण झाली तुमची. ही शेवटची तपासणी, मग सुट्टी! काही दुखलं-खुपलं तरच यायचं आता.” पोरगी इतकी आनंदात होती की बजाबाईला “व्हय” म्हणावंच लागलं. एवढ्या आजारातून सुटल्याचं कुणाला दुःख होतं होय? बजाबाईला झालं. आणि ते सांगायचं तरी कुणाला? ऐकणाऱ्यानं वेड्यातच काढलं असतं.

“बजाबाई!” आतून हाक आली.

तिनं पोर आयेशाकडे दिलं. देताना त्याचं पाऊल जरा वेळ हातात धरून ठेवलं आणि मग सोडलं.

“या, बसा,” अंकितानं खुर्ची ओढून दिली. “जेवण जातंय ना? भाकरी कुस्करून खाताय?”

बजाबाईनं मान डोलावली.

अंकिता मानेवर गाठ आहे का ते चाचपू लागली. तिची बोटं कानामागून गळ्यापर्यंत सावकाश उतरायची. बजाबाई ते होईपर्यंत श्वास रोखून बसायची. सहा सहा महिने तिच्या अंगाला दुसऱ्या माणसाचा हात लागत नव्हता.

“काही नाही. अगदी छान आहे,” अंकिता म्हणाली. “आजी, नव्या पेशंटना मी तुमचंच सांगते, माहितेय? म्हणते, आमच्या एक आजी आहेत, उजनीच्या काठावरच्या. ऑपरेशन झालं आणि मशेरी सोडली ती सोडलीच. परत बोट लावलं नाही.” तिनं टॉर्च लावला. “हं, आ करा, आजी.”

बजाबाईनं पदर खाली घेतला आणि उघडेल तेवढं तोंड उघडलं.

अंकिताचा हात जागीच थांबला. तोंडात उरलेले दात काळेभोर झाले होते. हिरडीच्या कडेनं काळा ओला भुगा होता आणि भाजलेल्या तंबाखूचा वास येत होता.

“आजी, ही मशेरी आहे?”

“व्हय.” जीभ नीट वळत नव्हती, तरी शब्द स्पष्ट आला.

“कधीपासून?”

“आज सकाळी. यष्टीला निघायच्या आदी भाजली तव्यावर.”

“आजच? एवढी वर्षं राहिलात आणि आज? अहो, आजार परत उलटला म्हणजे? मरायचंय का तुम्हाला?” अंकिताचा आवाज चढला होता.

बजाबाई मान खाली घालून पदराचा काठ सरळ करत बसली.

अंकिताला रागही आला आणि रडूही. तिनं कापसाचा बोळा भिजवला, डाव्या हातानं बजाबाईची हनुवटी धरली आणि एकेक दात पुसायला घेतला. बोळा काळा झाला तसा दुसरा घेतला. बजाबाईनं डोळे मिटून घेतले. बाहेर वजनकाट्यावर आयेशाचं पोर रडायला लागलं होतं.

“चूळ भरा,” अंकिता शेवटी म्हणाली आणि पाण्याचा पेला पुढे केला.

बजाबाईनं पेला घेतला, पण तोंडाला लावला नाही. दुसऱ्या हातानं तिनं अंकिताचं मनगट धरलं.

“आता बोलावशील की परत?”