खालून येणारे बुडबुडे

ख्मायसकाकांना पक्षाघाताचा झटका येऊन उजवा हात लुळा पडला होता. मेंदूतली गुठळी हृदयातल्या एखाद्या भोकातून गेली असेल का, ते मला बघायचं होतं. त्यासाठी शिरेतून फेसाळलेलं सलाईन सोडतात. बुडबुडे हृदयाच्या डाव्या बाजूला दिसले, की भोक आहे.

मी छातीवर सोनोग्राफीचा प्रोब टेकवला. "काका, श्वास रोखा."

"त्यांना काय शिकवतेस पोरी!" त्यांची बायको, मब्रूका काकू, हसल्या. "झार्झिसच्या समुद्रात जन्मभर स्पंज काढलेत. एक भाऊ बुडी मारायचा, दुसरा नावेत दोर धरायचा." मग आवाज उतरला. "यांचा भाऊ शाझली खालीच राहिला, तेव्हा दोर यांच्या हातात होता."

पडद्यावर डाव्या बाजूला बुडबुडे दिसले. तळातून एकामागून एक येत, थांबत, पुन्हा येत. खाली कुणी श्वास सोडत असावं तसे.

काकांनी श्वास रोखलेलाच होता. मी वळून पाहिलं. सलाईनची सिरिंज भरलेलीच, ट्रेमध्ये पडून होती.

मी प्रोब उचलला. पडदा काळा झाला. बुडबुडे येतच राहिले.

आणि चादरीवर काकांचा लुळा हात दोर ओढायला लागला.