चूलबंद आवतण

पंगत अडली होती, आणि ती पीटर साळव्यांमुळे अडली होती.

सहादेवच्या अंगणात नातवाच्या जावळाचं जेवण होतं. पत्रावळ्या मांडून झाल्या, लापशी वाढून झाली, भातावर आमटी पडली, आणि चाळीस-पन्नास माणसं हात मांडीवर ठेवून बसून राहिली. साळव्यांच्या शेजारची तीन पानं रिकामी होती. म्हणजे वाढलेलं सगळं होतं, पानापुढे माणूस नव्हता.

गावाची रीत साधी. 'घरटी एक' सांगितलं तर घरातल्या एकानं यायचं. 'चूलबंद' सांगितलं तर त्या घरानं त्या दिवशी चूल पेटवायची नाही, लहानथोर सगळ्यांनी जेवायला यायचं, आणि ती सगळी बसल्याशिवाय पंगतीनं घास उचलायचा नाही. सहादेव परवा आवतण घेऊन दारात आला तेव्हा म्हणाला होता, "साहेब, दीड वरीस झालं तुमी घर घिऊन, पन मंडळी काय आमाला दिसली न्हाईत. चूलबंद हाय बरं का! किती मानसं?"

'मी एकटाच आहे' एवढंच सांगायचं होतं. पण साळव्यांना नेमकं तेवढंच सांगवेना. "चौघं," ते म्हणाले. "मी, मिसेस, मुलगा, सून."

तसं पाहिलं तर ते खोटं नव्हतं. खरेदीखतावर बायकोचं, हन्नाचं नाव त्यांच्या नावाच्या आधी होतं. दारावर 'साळवे परिवार' अशी पाटी त्यांनी स्वतः रंगवून लावली होती. फक्त परिवार पुण्यात होता. आणि आज सकाळीच मुलाचा, जस्टिनचा मेसेज आला होता, की या रविवारी जमत नाही, मम्मीचे गुडघे दुखतायत, तुम्ही जेवून घ्या. तो मेसेज खिशात घालून साळवे चौघांच्या वतीनं पंगतीला येऊन बसले होते. शरमेपोटी माणूस काय करील याचा नेम नाही.

"नेवाशाची एसटी गेली का रं?" कोणीतरी विचारलं.

"मघाशीच गेली. कुनी उतरलं न्हाई."

"गाडीनं येत असतील," सहादेव म्हणाला. "पुन्याहून यायचं म्हंजी वेळ लागनारच. येऊ द्या. आमी थांबतो."

तो चिडला असता तर साळव्यांना बरं वाटलं असतं. पण त्यानं तर खास व्यवस्था केली होती. बायकांची पंगत इथं मागून बसते, तरी साहेबांची मंडळी शहरातली, बुजतील, म्हणून चौघांची पानं त्यानं एका ठिकाणी मांडली होती.

समोर बसलेल्या म्हाताऱ्या सूर्यभान आण्णांनी आमटीकडे बघून सुस्कारा सोडला. "सहादेवा, मी गोळी घिऊन बसलोय. माजी शुगर उतराया लागली."

"दम धरा आण्णा. पाव्हनं हायेत."

साळव्यांनी उगाच मोबाईल काढला, बघितला, परत ठेवला. नगरच्या एमआयडीसीतून रिटायर होऊन ते इथं आले तेव्हा जो तो विचारायचा, या आडगावात घर कशाला घेतलं? ते सांगायचे, शांतता आहे म्हणून. शांतता निघालीही भरपूर. दिवस दिवस तोंड उघडायचं काम पडायचं नाही, आणि मग रविवारी फोनवर बोलताना आवाज घोगरा यायचा. हन्ना विचारायची, सर्दी झाली का? ते हो म्हणायचे.

आण्णा कपाळावरचा घाम पुसायला लागले होते. ते बघून साळव्यांना राहवेना.

"सुरू करा," ते म्हणाले. आवाज हवा त्यापेक्षा मोठा निघाला. "कोणी येणार नाही. सकाळीच कळलं होतं मला. मी बोललो नाही."

साळव्यांचे कान तापले. उठून तडक घरी जावं, कडी लावावी आणि उद्या सकाळी घर विकायला काढावं असं त्यांना वाटलं. पण वाढलेल्या पानावरून उठायचं नसतं, एवढं त्यांनाही माहीत होतं. मग सहादेवनं हात जोडून श्लोकाला सुरुवात केली, गावानं सूर धरला, आणि जो तो आपल्या पानात नको तेवढी मान घालून जेवू लागला.

ओसरीवरून रंगुबाई उठली. ही सहादेवची चुलती, ऐंशीच्या घरातली. साळव्यांनी घर घेतलं ते हिच्याकडूनच. तेव्हापासून ती पुतण्याकडे राहत होती. काठी टेकत ती गड्यांच्या पंगतीतून सरळ चालत आली आणि हन्नाच्या पानावर बसली.

"मावशी, तुम्ही कशाला..."

"जेव तू."

तिनं लापशीचा घास घेतला, दात नसलेल्या तोंडात बराच वेळ घोळवला. साळवे भात कालवत राहिले. मग मान न वळवता, त्यांच्यापुरत्या आवाजात ती म्हणाली,

"घर दावताना म्या तुला सांगितलं हुतं, सुटीला पोरं-नातवंडं येत्यात, अंगन पुरत न्हाई म्हनून. ध्यानात हाय का?"

"आहे की. त्यावरच तर घेतलं मी."

"चवदा वरसं कुनी आलं न्हवतं, बाबा."