आधी बंदर, मग घरं

परशुराम अप्पांनी विषय तिथेच मिटवला. आधी किनाऱ्यावर येऊ घातलेलं बंदर घालवू, मग कुणबीवाडीच्या घरांचं बघू, असं म्हणून ते उठले आणि सभा संपली. अप्पा मोठे बागायतदार, त्यात बंदरविरोधी समितीचे अध्यक्ष. त्यांच्यापुढे बोलणार कोण?

गोदा त्याच कुणबीवाडीतली. तिच्या वाडीतली घरं आंब्याच्या बागेत, पणज्याच्या काळापासूनची. पण घरांखालची जमीन बागमालकाची. तिच्या मुलाला सरकारी घरकुल मंजूर झालं होतं, पण मालकाची संमती नाही म्हणून पायासुद्धा खणता येत नव्हता. मालकाकडून नुसतं 'बघू' यायचं. सून शमिका तान्ह्या पोराला घेऊन ओल धरलेल्या मातीच्या भिंतीशी निजायची. ते बघून गोदाचा जीव तुटायचा.

सभेवरून वाडीतल्या बायका सलिल सरांच्या पडवीत आल्या. सर रत्नागिरीच्या कॉलेजात इतिहास शिकवून निवृत्त झालेले, जुने समाजवादी. बंदराविरुद्धच्या मोर्चाचं ठरल्यापासून ते दर रविवारी मजुरांचा वर्ग घेत आणि फिरून फिरून आयर्लंडवर येत. बायकांना आधी हसू यायचं. कुठलं आयर्लंड, कुठली कुणबीवाडी. मग हळूहळू कळायला लागलं.

इंग्रजांना घालवायला तिथले राष्ट्रवादी उठले, सर सांगत होते. कामगारांचे पुढारी म्हणत, नुसता झेंडा बदलून काय होणार? जमीन आणि कारखाने त्याच मूठभरांच्या हातात राहिले, तर गरीब आहे तिथेच. तरीही डब्लिनच्या उठावात कामगार बरोबरीने लढले. त्यांच्या पुढाऱ्याला गोळ्या घातल्या. मागे उरलेल्यांना सांगण्यात आलं, आधी देश, तुम्ही जरा थांबा. ते थांबले. इंग्रजांचं राज्य बऱ्याचशा भागातून गेलं, मालक मात्र राहिले.

"म्हणून थांबायचं नाही," सर म्हणाले. "लढ्यात जायचं, पण आपली मागणी घेऊन."

गोदाने विचारलं, "सर, बंदर गेला, की आमच्या घरांखालची जमीन आमच्या नावावर व्हईल का?"

सरांनी चष्मा पुसला. "प्रश्न एका वाडीचा नाही, गोदाबाई. प्रश्न सगळ्या व्यवस्थेचा आहे."

गोदाने मान हलवली आणि ती घरी गेली.

मोर्चाच्या सकाळी सगळं गाव देवळापुढे जमलं. रत्नागिरीला कलेक्टर कचेरीवर जायला टेम्पो उभे होते. वाडीतल्या बायका आल्या त्या रिकाम्या हातांनी. घरांच्या मागणीचा एकही फलक नाही. सरांना फार वाईट वाटलं. तुम्हीही थांबलात, आयर्लंडचंच केलंत, असं ते गोदाला बोलून गेले. ती पदर खोचून देवळाच्या पायरीशी जाऊन उभी राहिली.

निघायच्या आधी गाऱ्हाणं व्हायचं होतं. ते घालायचा मान गोदाच्या दिराचा, रामाचा. गाऱ्हाण्यात एकेक वाक्य तो देवापुढे मांडणार आणि गाव होकार भरणार. ज्याला होकार दिला ते मोडायची इथे कुणाची छाती नाही. अप्पा पुढेच उभे होते. सर देव मानत नसत, पण लोकांपासून तुटायचं नाही म्हणून तेही अप्पांच्या शेजारी हात जोडून उभे राहिले.

"बा देवा महाराजा," रामाने सुरुवात केली, "गावावर बंदराचा जा संकट आलाय, ता दूर कर."

"होय महाराजा," गाव म्हणालं. सरांचा आवाज सगळ्यांत खणखणीत होता.

"लेकराबाळांना सुखरूप ने, सुखरूप आण."

"होय महाराजा."

"आणि बा देवा, बागेत ज्याचा घर आहे, त्या घराखालची जमीन मालक त्याच्या नावावर करून दील, असा मालकाचा शब्द आज तुझ्या पायाशी ऱ्हाऊ दे."

"होय महाराजा."

गाव सवयीने बोलून गेलं. अप्पाही बोलून गेले आणि मग चपापले. पण गोदा अप्पांकडे बघतच नव्हती. अप्पांच्या बागेत कुणाचंच घर नव्हतं. ती बघत होती अप्पांच्या शेजारी हात जोडून उभ्या असलेल्या आपल्या वाडीच्या मालकाकडे. सलिल सरांचे हात जोडलेलेच होते. तोंड मात्र मिटलेलं होतं.