पेटीतली काळी गोटी

डूगल इम्री निनियनच्या दारात उभा राहिला तेव्हा त्याच्या काखेत क्लबचं मानपत्र होतं.

उद्या पिटकेरो गोल्फ क्लबला सव्वाशे वर्षं होणार होती. त्या निमित्ताने निनियन रिंटलला मानद सभासद करायचं ठरलं, आणि जुना मित्र म्हणून ते घरी जाऊन सांगायचं काम डूगलच्या गळ्यात पडलं. नाही म्हणायला तोंड कुठे होतं?

गावातली लग्नं क्लबच्या दिवाणखान्यात व्हायची, मयतानंतरचा चहाही तिथेच. निनियन चाळीस वर्षं तिथलं गवत कापत आला, दारं-खिडक्या दुरुस्त करत आला, पण आत जायचा मागच्या दाराने. सभासद नव्हता ना! माणसं मात्र त्याला जीव लावायची. डॉक्टर न बोलावता तपासायला यायचा, चिटणीस मासे पाठवायचा. डूगल दर रविवारी सूप घेऊन यायचा.

चाळीस वर्षांपूर्वी निनियनचं नाव सुचवलं होतं ते डूगलनेच. पोरगेला सुतार, उसन्या काठ्यांनी खेळायचा, आणि पाहुणा म्हणून मैदानात आला की अकरा जणांच्या समितीतल्या एकेकाला धूळ चारून जायचा. बैठकीत सगळ्यांनी त्याची तोंडभरून स्तुती केली. मग रीतीप्रमाणे लाकडी पेटी फिरली. हो म्हणायचं तर पांढरी गोटी, नाही म्हणायचं तर काळी. भोकातून मूठ आत घालून सोडायची, कुणाला काही दिसायचं नाही. एक जरी काळी निघाली तरी नाव बाद. चिटणिसाने एकट्यानेच आत डोकावून पाहिलं, झाकण लावलं आणि 'नाही' एवढंच म्हणाला.

काळी गोटी डूगलने टाकली होती. त्या साली त्याला चषक हवा होता, बस. मिळालाही. पण तेव्हापासून चषकावरचं स्वतःचं नाव वाचायची त्याला लाज वाटायची.

निनियनने हसत मानपत्रासाठी हात पुढे केला. डूगलने ते मागे घेतलं.

"आधी ऐक. मग हाकललंस तरी चालेल. तेव्हा तुझं नाव पाडलं ते मी. काळी गोटी माझी होती."

निनियनने हातातली किटली खाली ठेवली. संपलं, डूगलच्या मनात आलं. इतक्या वर्षांच्या मैत्रीवर आपण आपल्याच हाताने माती लोटली.

"मला माहीत होतं," निनियन म्हणाला.

कुणी सांगितलं, कधी सांगितलं, डूगल विचारत सुटला.

"कुणी नाही सांगितलं. दुसऱ्या आठवड्यात क्लबचं कपाट दुरुस्त करायला मलाच बोलावलं होतं. पेटी तशीच आत पडलेली. रिकामी करायची हिंमत कुणाला झाली नव्हती. मी उघडून बघितली."

"अरे, पण गोटीवर काय नाव असतं का?" डूगल म्हणाला. "माझी कशी ओळखलीस?"

निनियनने त्याच्यासमोर खुर्ची सरकवली आणि दोन पेल्यांत चहा ओतला.

"ओळखायचं काय त्यात? तुम्ही अकरा जण होतात, आत गोट्याही अकरा होत्या. पांढरी एकही नव्हती, डूगल."