आजचे कीर्तन

फोन वाजला आणि इंदुमतीबाईंच्या हातातला चहा बशीत सांडला. नंबर पेपरच्या मालकांच्या बंगल्यावरचा होता.

मालकांच्या रसायन कारखान्यानं पिंपळखेडच्या विहिरी नासवल्याची बाईंची बातमी संपादकांनी तीनदा परत केली होती. “अहो, पेपर त्यांचा, जाहिराती त्यांच्या. देशभर खपला म्हणून आपला झाला का?” शेवटी बाईंनी तिथल्या कीर्तनकार बुवांना गळ घातली, आणि साहेबलोक ढुंकूनही बघत नाहीत त्या आपल्या ‘आजचे कीर्तन’ सदरात छापून टाकलं: ‘पिंपळखेड, राममंदिर, सायंकाळी सहा. पूर्वरंग: पाणी हेच जीवन. उत्तररंग: कारखान्याने विहिरींत कालवलेले विष.’

बाईंनी फोन उचलला. पलीकडे मालकांच्या आई होत्या.

“तुमचं सदर वाचल्याशिवाय मी चहा घेत नाही हो. पिंपळखेडचा कारखाना आमचाच ना?”

नाही म्हटलं तर कदाचित नोकरी वाचेल. त्यांनी डोळे मिटून रामाचं नाव घेतलं.

“हो, आई. तुमचाच.”

पलीकडे पेपरची घडी घातल्याचा आवाज आला.

“बुवांना सांगा, पुढे दोन जागा राखून ठेवायला. मुलाला हाताला धरून आणते.”