पाडव्याची धार

पहाटेच्या शांततेत दाराची कडी वाजली. पाडव्याच्या दिवशीही सवयीनं मालकाच्या गोठ्याकडे निघालेल्या सालगडी नवऱ्याचा सदरा तिनं धरला. "अवं, काल साल संपलं. दहा हजार वाढवल्याशिवाय नवं साल धरायचं नाही, ठरलंय न्हवं?"

"पण धार न्हाई काढली तर म्हशीची कास तटंल..."

"तटू द्या. आज तुम्ही कुणाचे गडी न्हाई."

उजाडता उजाडता मालकच दारात आले. धोतराला शेण, हातात चेपलेली चरवी. "धाड गं त्याला. म्हैस दुसऱ्या कुणाला कासेला शिवू देईना!"

"दहा हजार वाढवा, मालक."

कंबर चोळत मालकांनी हो म्हटलं, सालाची आगाऊ उचलही तिथंच मोजली. नवरा चरवी घेऊन पळालाच.

"सणाचं बा कुठं चालला?" लेकीनं विचारलं.

"उचल घेतली की वर्षभर राबावं लागतं, बाळा," नोटा पदरात बांधत ती हसली.

"मग म्हशीनं किती उचल घेतली, आई?"